किती बोलले, बाई?

माझं नाव नम्रता. हे नाव ठेवलं तेव्हा आईवडिलांची आणि माझी ओळख होऊन बाराच दिवस झाले होते, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. सगळा जन्म नारायण पेठेत गेला. आमच्या गल्लीत कोणी दारासमोर स्कूटर लावली तर अर्ध्या तासात तिथे पाटी लागते. अशा ठिकाणची मुलगी कात्रजच्या पलीकडे दगडखाणीत नोकरीला लागली हे कळल्यावर एका आत्याने विचारलं, "खाणीत म्हणजे तू नक्की करणार काय?" मी म्हटलं, "सुरुंग लावणार." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

प्रत्यक्षात मी फोन घ्यायची आणि खडीच्या गाड्यांच्या पावत्या फाडायची. सुरुंग लावायचे मैनुद्दीनभाई. ही गोष्ट त्यांची आहे. खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आणि इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस मला पुरता कळलाय.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, फैझलचा, फोन आला. तो हिंजवडीला आयटीत आहे.

"मावशी, अब्बांसाठी कानाचं मशीन आणलंय. प्रॉपर टेस्ट वगैरे करून. पण ते हातच लावत नाहीत, तसंच डबीत पडलंय. तुम्ही एकदा या ना. तुमचं ऐकतील ते."

"ऐकू येत नाही म्हणून मशीन आणलंस, आणि माझं ऐकतील म्हणतोस?"

"मावशी, प्लीज."

गेले. कात्रजची बस पकडली आणि खिडकीशी बसले. पूर्वी याच रस्त्याने मी लूनावरून जायची. स्वारगेट सोडलं की रस्ता मोकळा व्हायचा, दूध डेअरी मागे पडली की उजाड, आणि मग लांबून आमच्या खाणीची पांढरी धूळ दिसायची. त्या धुळीने माझ्या सगळ्या सुती साड्यांचा रंग एकच करून टाकला होता. आता तिथे मोठी सोसायटी झाली आहे. नावात 'हिल व्ह्यू' आहे. जी टेकडी दिसायला हवी ती आम्हीच फोडून खडी करून विकली, हे तिथल्या फ्लॅटवाल्यांना बिल्डरने सांगितलेलं नसावं.

मला त्या खाणीची फार आठवण येते. असं म्हटलं की लोक हसतात. दगडाची कसली आठवण? पण माझी वीस वर्षं तिथे गेली. दुपारी एक वाजता यंत्रं थांबायची, सगळे डबे उघडायचे, आणि मग सुरुंगाची शिट्टी व्हायची.

तेव्हाची रीत अशी होती. सकाळभर ड्रिलने कातळात माणसाच्या उंचीची भोकं पाडायची. प्रत्येक भोकात जिलेटीनच्या कांड्या, एका कांडीला स्फोटाची ठिणगी देणारी टोपी, टोपीला वात. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे सुरुंग एकदम न उडता एकामागून एक उडतात. लाल निशाण लागलं, शिट्टी झाली की सगळ्यांनी आडोशाला यायचं. स्लॅबची खोली एकच होती, ती म्हणजे माझं ऑफिस. त्यामुळे ड्रिलवाले, घणवाले, ट्रकवाले, सगळे माझ्या टेबलाभोवती उभे. शेवटी मैनुद्दीनभाई वाती पेटवून यायचे. पळत नाही, चालत. उंबऱ्यावर बसायचे आणि डोळे मिटायचे.

मग धडाके सुरू व्हायचे, आणि मैनुद्दीनभाई ते मोजायचे.

मोजण्यावर सगळं होतं. जितके पेटवले तितके उडाले, तर ठीक. एक जरी कमी भरला तर एक भरलेलं भोक दगडात तसंच राहिलेलं आहे. त्यावर कोणी घण घातला किंवा ड्रिल टेकवलं, की संपलं. मैनुद्दीनभाईंचा थोरला भाऊ दुसऱ्या एका खाणीत असाच गेला होता. म्हणून आमच्याकडे नियम होता: मैनुद्दीनभाई "सगळे बोलले" म्हणाल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. सुरुंग उडाला असं कोणी म्हणत नसे. बोलला म्हणायचे. एखादा राहिलाच, तर "एक रुसलाय" म्हणायचे, आणि मग त्या बाजूला दिवसभर कोणी फिरकायचं नाही.

मालक रंगनाथशेठसुद्धा या नियमाला बांधलेले होते. बाहेर ट्रकांची रांग लागलेली असली तरी शेठ घड्याळाकडे आणि मैनुद्दीनभाईंच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत बसायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

मला नोकरीला लागून महिना झाला असेल. सुरुंग झाले, आणि मैनुद्दीनभाईंनी डोळे उघडून खोलीत सगळ्यांना विचारलं, "किती बोलले?" अधूनमधून ते असं विचारायचे.

"तेरा," सगळे एका सुरात म्हणाले.

"आणि तुम्ही, बाई?"

मी तेव्हा धायरीच्या एका ठेकेदाराशी फोनवर भांडत होते. मी म्हटलं, "माहीत नाही. मी ऐकत नव्हते."

खोलीत हशा पिकला. एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, तेरा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"मी मोजलेच नाहीत तर तेरा कशाला म्हणू? मला त्याचा पगार नाही."

मैनुद्दीनभाई हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते उंबऱ्यावर बसायचे सोडून माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसू लागले. धडाके संपले की हळू आवाजात, फक्त मला विचारायचे, "किती बोलले, बाई?"

किती पेटवले ते मला आधी सांगायचे नाहीत. मी आकडा सांगायची. ते मान हलवायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, "सगळे बोलले."

मी समजले, माझी परीक्षा चालली आहे. पहिल्या दिवशी नापास झाले म्हणून मास्तर रोज तोंडी घेतात. आता नारायण पेठेतल्या माणसाला परीक्षा म्हटली की काय होतं ते सांगायला नको. शिट्टी झाली की मी फोन उचलून बाजूला ठेवायची, पेन खाली ठेवायची, आणि कान टवकारून बसायची. दोन धडाके अगदी जवळजवळ झाले तरी मला वेगळे कळायला लागले. एकदा मी म्हटलं, "अकरा. पण शेवटचे दोन चिकटून होते." मैनुद्दीनभाई म्हणाले, "वा." मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बी.कॉम. करून हे शिकलीस का?"

मैनुद्दीनभाईंच्या घरी तेव्हा फैझल पहिलीत गेला होता. त्याचे पेढे त्यांनी खाणीत सगळ्यांना वाटले होते. रमझानात ते रोजे धरायचे आणि तरी उन्हात कातळावर वाकून वाती बांधायचे. आम्ही डबे आत नेऊन जेवायचो, तर रागवायचे. म्हणायचे, "माझा रोजा आहे, तुमचा नाही. बाहेर बसा, वारा आहे." ईदच्या दुसऱ्या दिवशी अख्तरबानूभाभींचा शीरखुर्मा मोठ्या डब्यातून यायचा, आणि शेठ दोनदा घ्यायचे.

अशात एक दिवस दिग्विजय आला. चंद्रपूरकडचा मुलगा, खाणकामाचा इंजिनिअर. स्फोटकं विकणाऱ्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. त्याने शेठना कागदावर भोकांची नक्षी काढून दाखवली. भोकं जास्त खोल पाडायची, दोन भोकांतलं अंतर दगड बघून ठरवायचं, आणि वातीऐवजी प्लास्टिकची बारीक नळी. नळीतून ठिणगी जाते, आणि प्रत्येक भोक डोळ्याची पापणी लवण्याच्या आत आपल्या क्रमाने उडतं. पुढच्याने जागा करून दिली की मागचा त्या जागेत ढकलतो. दगड बारीक फुटतो, लांब उडत नाही, आजूबाजूच्या घरांना हादरा कमी बसतो.

हे शेठना पटत होतं. आमच्या जुन्या सुरुंगांनी निम्मा माल घराएवढा निघायचा. तो घणाने फोडा, नाहीतर त्याला पुन्हा सुरुंग लावा. क्रशरच्या जबड्यात मोठा दगड अडकला की अर्धा दिवस बोंब. खडी पाहिजे होती सगळ्या पुण्याला. कोथरूडला इमारतींवर इमारती उठत होत्या.

पण मैनुद्दीनभाई म्हणाले, "साहेब, तुमचे सगळे एका दमात बोलणार. मग मी मोजायचे कसे?"

दिग्विजय म्हणाला, "मोजायची गरजच नाही जी. फुटल्यावर थांबायचं, धूर जाऊ द्यायचा, मग जाऊन डोळ्यांनी बघायचं. प्रत्येक भोकाची जागा तपासायची. न फुटलेलं दिसतंच. मी शिकवतो तुम्हाला."

"कानांनी इतकी वर्षं चाललंय," मैनुद्दीनभाई म्हणाले, आणि विषय संपला. मैनुद्दीनभाईंना डावलून सुरुंगाचा निर्णय घ्यायची शेठची छाती नव्हती. दिग्विजय चहा पिऊन गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. कोथरूडच्या कार्यालयात. मी एक दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन खाणीत गेले, तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. कळलं ते असं: आदल्या दुपारी सुरुंग झाले, आणि मैनुद्दीनभाई "सगळे बोलले" म्हणालेच नाहीत. खोलीतले सगळे सांगत होते, सगळे उडाले, आम्ही मोजले. हे गप्प. पंधरा मिनिटं गेली, तास गेला. शेवटी म्हणाले, "आज कोणी जायचं नाही." खाण दिवसभर बंद. रिकामे ट्रक परत गेले. सकाळी मैनुद्दीनभाईंनी स्वतः एकट्याने जाऊन इंच न् इंच बघितलं. सगळे बोललेले होते.

लोक आपसात म्हणायला लागले, मैनुद्दीनभाईंचा हिय्या गेला. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. मी लाडू द्यायला गेले तर ते शेठच्या टेबलासमोर उभे होते आणि म्हणत होते, "शेठ, त्या चंद्रपूरच्या पोराला बोलवा. त्याचं ते नळीचं काम आपण करू."

शेठना आधी खरंच वाटेना. मलाही नाही. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी सगळी खाण श्वास रोखून थांबायची, तो माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणत होता की आता माझ्या शब्दाची गरज नको.

दिग्विजय आला. त्याने आणि मैनुद्दीनभाईंनी मिळून चार दिवस भोकं आखली. पहिल्या स्फोटाला आम्ही सगळे नेहमीसारखे ऑफिसात जमलो. वात नाही, चालत येणं नाही. दिग्विजयने कळ दाबली. तव्यावरची भाकरी फुगावी तसा अख्खा कडा जरासा वर उठला आणि खाली बसला. आवाज झाला, पण एकच, लांबट, कापड फाडल्यासारखा. धूर निवळल्यावर खाली एकसारख्या दगडांचा ढीग होता. एक म्हणून मोठा धोंडा नव्हता. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीचं नव्हतं.

सवयीने मी मैनुद्दीनभाईंकडे बघितलं. ते काहीच विचारत नव्हते. दिग्विजयच्या मागोमाग ढिगाकडे निघाले होते, आणि वाकून एकेक नळी उचलून बघत होते.

खाणीचं भलं झालं, यात वाद नाही. रोजचे सुरुंग गेले, आठवड्याला एकच मोठा स्फोट. क्रशर अडकेना. खडी जवळजवळ दुप्पट निघू लागली. घणवाल्यांपैकी काही जणांचं काम मात्र गेलं. ते वारजे-कोथरूडकडे बांधकामावर लागले, जिथे आमचीच खडी उतरत होती. आणि माझी रोजची परीक्षा बंद झाली. मला राग आला होता, अगदी खरं सांगते. सबंध खाणीत मला एकटीलाच विचारलं जायचं, तो मान गेला. दुपारी यंत्रं थांबली की मला उगीच वाटायचं, आता कोणीतरी स्टूल सरकवेल.

हे सगळं बसमध्ये आठवत होते. कात्रजला उतरून मैनुद्दीनभाईंच्या घरी पोचले तेव्हा अख्तरबानूभाभी कुकर लावत होत्या. मैनुद्दीनभाई खिडकीशी खुर्चीत बसलेले. केस पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. मला बघून उठले.

"या बाई, या. किती दिवसांनी."

"कसे आहात?" मी म्हटलं.

"चहा? तुमची भाभी करतेय ना."

मी आवाज चढवला. मग अजून चढवला. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वर बघितलं. टेबलावर मशीनची डबी होती. मी ती उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि ओरडून म्हटलं, "फैझलने आणलंय ना? मग घालायला काय झालं? तीन वर्षं झाली कमी ऐकू येतंय, असं पोरगं म्हणत होतं."

"तीन वर्षं?" ते हसले.

स्वयंपाकघराच्या दारातून भाभी म्हणाल्या, "काय तीन वर्षं घेऊन बसलात? फैझल पहिलीत गेला ना, तेव्हापासून कमी येतं यांना. घरात मी एकटी जाणते. कोणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. आता कसली शपथ?" आणि त्या आत गेल्या.

फैझल पहिलीत. म्हणजे पेढे. म्हणजे खाण.

मी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मग सुरुंग कोण मोजायचं?"

मैनुद्दीनभाई माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही."

ते आपणहून बोलू लागले. हळू, एकेका शब्दावर थांबत. आवाज यायचा, पण दोन जवळजवळ बोलले की एकच वाटायचा. इतक्या वर्षांच्या धडाक्यांनी कान खाल्ले होते. शेठना सांगितलं तर काम जाणार, आणि घरात लहान पोरं. सांगितलं नाही तर कोणाचा तरी भाऊ जाणार.

"खोलीत इतकी माणसं होती," मी म्हटलं. "मीच का?"

"बाकीच्यांना मी किती पेटवले ते माहीत असायचं. मी विचारलं की ते तोच आकडा सांगायचे. मैनुद्दीनभाई खूश व्हावेत म्हणून, लवकर सुटावं म्हणून. तुम्हाला कोणाला खूश करायचं नव्हतं. पहिल्याच महिन्यात तोंडावर म्हणालात, माहीत नाही, मी ऐकत नव्हते. मला वाटलं, या बाईच्या कानांच्या भरवशावर माणसं बाहेर सोडता येतील."

"आणि एखाद्या दिवशी मी चुकले असते तर?" मी खरंच ओरडले. खालच्या बाईंची पर्वा केली नाही. "मला सांगायचं तरी. मी खेळ समजत होते."

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता. घाबरलेला माणूस चुकतो." मग म्हणाले, "मीपण घाबरलो ना. तुम्ही बहिणीच्या लग्नाला गेलात, त्या दिवशी."

ती बंद पडलेली खाण, ते गप्प बसणं, ते परत गेलेले ट्रक. हिय्या गेला असं लोक म्हणाले, ते त्यांच्याही कानावर गेलं असणार. तेवढं तरी ऐकू आलं असेल.

"तुमची खुर्ची रिकामी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला माहीत नव्हतं. त्या दिवशी ठरवलं. बाई आज रजेवर आहेत, उद्या नोकरी सोडतील, लग्न होऊन जातील. आवाजावर माणसांचे जीव सोपवायचे नाहीत. त्या चंद्रपूरच्या पोराला मी खरं सांगितलं. एवढा शिकलेला, पण कोणाजवळ बोलला नाही. मला डोळ्यांनी बघायला शिकवलं."

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी तर नाहीच. खाणीचं उत्पादन वाढलं म्हणून शेठनी त्या वर्षी सगळ्यांना बोनस दिला होता. इंजिनिअरमुळे, नव्या तंत्रामुळे, असं आम्ही म्हणत होतो. एका माणसाने स्वतःचा सगळा मान आपल्या हाताने उतरवून ठेवला म्हणून ते झालं, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि माझे कान, ज्यांचा मी उगीच तोरा मिरवला, ते खरोखर पहाऱ्यावर होते. मी दुपारी डबा खाता खाता माणसं राखत होते आणि मला ते माहीतच नव्हतं.

"घाला ते मशीन," मी डोळे पुसत म्हटलं. "आता काय लपवायचंय?"

"आता काय ऐकायचंय, बाई?"

"भाभींना ऐका. इतकी वर्षं तुमच्याशी ओरडून बोलतायत त्या."

त्यांनी डबी जवळ ओढली. मग मशीन उचललं. दोघांनी मिळून खटपट करून ते कानात बसवलं. ते एकदम दचकले. पंख्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. आत कुकरची शिट्टी झाली तसा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, आणि डोळे मिटले. तोच जुना चेहरा, उंबऱ्यावरचा. मला पुढचं धड दिसेना. मी पदरात तोंड लपवून बसले.

बऱ्याच वेळाने भाभींनी गॅस बंद केला. मैनुद्दीनभाईंनी डोळे उघडले.

"चार," ते म्हणाले. "शेवटच्या दोन चिकटून होत्या. बरोबर ना, बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी ऐकत नव्हते."

ते हसले, आणि आत भाभींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "सगळे बोलले."